सातवी वाटी

मिस्त्री अजून जिवंत आहेत, हे आधीच सांगून ठेवते. माणूस मेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं लागतं. मला ते जमलं नसतं.

भंडाऱ्यात भांडीवाल्यांच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, एक उभी ड्रिल मशीन, पॉलिशची मोटर आणि एक लाकडी टेबल. भांड्यांना भोकं पाडायची आणि कड्या ठोकायच्या, हे मुख्य काम. गुंड, घंगाळ, गंज, बादल्या. अधूनमधून कोणी हातपंपाचा तुटका दांडा घेऊन यायचं, कोणी मोटारीचा एखादा भाग. माझा नवरा तिथे पॉलिशवर होता. तो आंधळगावचा, विणकराच्या घरातला. माग बंद पडला म्हणून इकडे आला आणि चार वर्षांत पॉलिशच्या धुळीनं छाती घालवून बसला. मी डबा घेऊन जायचे तेव्हा तो खोकत भिंतीला टेकलेला असायचा, आणि मी त्याची उरलेली भांडी घासून द्यायचे. एक दिवस मिस्त्री म्हणाले, "तो राहू दे घरी. तू येत जा." माझी भरती एवढ्यावरच झाली.

पॉलिशवरून ड्रिलवर यायला मला दीड वर्ष लागलं. मिस्त्रींजवळ दुसरा माणूस टिकत नव्हता, म्हणून मी. ज्या दिवशी त्यांनी मशीनजवळ बोलावलं त्या दिवशी पहिलं वाक्य होतं, "बांगड्या काढ."

मी म्हटलं, "मालक जिवंत हायेत माहे."

"मशीनले ते समजत नाई. बांगडी अडकली का हात जाते. हात गेल्यावर कायच्यात भरशील बांगड्या?"

काचेच्या बांगड्या रोज काढता-घालता येत नाहीत. मी काचेच्या फोडल्या आणि पितळेच्या दोन सैल पाटल्या घातल्या, ज्या सकाळी उतरवायच्या आणि संध्याकाळी चढवायच्या. सासूनं दोन दिवस जेवण टाकलं. म्हणाली, माझा पोरगा जिता असताना हिनं हात उघडे केले. नवऱ्याला खोकल्यातून सवड नव्हती. मिस्त्रींनी माझ्या खांद्याची उंची हातानं मापून मशीनच्या मागच्या भिंतीत एक खिळा ठोकला. "ह्या तुह्या बांगड्यांचा," म्हणाले. त्यांच्याकडून मला मिळालेली वस्तू ती एकच. खिळा.

त्यांच्याजवळ ड्रिलची बिटं, भोकं पाडायच्या त्या पोलादी काड्या, ठेवायला मसाल्याचा डबा होता. खरोखरचा, स्वयंपाकघरातला, आत सात वाट्या असलेला. बायकोचा डबा त्यांनी एक दिवस हळद-तिखट कागदावर ओतून उचलून आणला होता. ती माउली नंतर कित्येक वर्षं मसाले हॉर्लिक्सच्या बाटल्यांत ठेवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "माह्या घरी डबा हाये, पन त्यात लोखंड शिजते."

सहा वाट्या सहा धातूंसाठी. लोखंड, बीड म्हणजे ओतीव लोखंड, स्टील, पितळ, तांबं आणि अॅल्युमिनियम, ज्याला आमच्याकडे जर्मन म्हणतात. बाहेरच्या माणसाला सगळी बिटं सारखीच दिसायची. फरक टोकाला असतो. लोखंडाच्या बिटाची धार तेज पाहिजे आणि वरून तेल पाहिजे. बीड कोरडंच कापायचं, त्याला तेल दिलं की काळा चिखल होतो. जर्मन बिटाला चिकटतं, म्हणून घासलेटाचे थेंब सोडायचे. स्टीलला सगळ्यात महागाचं, कडक बिट. त्याला चाल हळू आणि दाब भरपूर. "स्टीलवर बिट नुसतं फिरवत बसशील तर ते आतून कडक होते, मंग देवाले बी आयकत नाई," असं ते सांगायचे. आणि पितळेसाठी उलटं. पितळेच्या बिटाची धार दगडावर दोनदा घासून मुद्दाम मोडायची. धारदार बिट पितळेत घातलं की पितळ त्याला ओढून घेतं. बिट आत धावतं, भांडं हातातून सुटतं. लोखंडाला जे बिट चांगलं, ते पितळेला वाईट. एवढी एक गोष्ट समजली की अर्धं काम समजलं.

तांब्याला ते दूध लावायचे. कोणी शिकवलं माहीत नाही. तांब्याचं काम आलं की घरी निरोप जायचा आणि बायको वाटीभर दूध पाठवायची, त्या दिवशी घरात काळा चहा. मी एकदा विचारलं, तेल चालत नाही काय. म्हणाले, "चालते. पन दुधानं भोक गोरं येते." भोक गोरं कसं असतं ते मला आजपर्यंत दिसलं नाही.

सातवी वाटी मोडलेल्या बिटांची. ती टाकायचे नाहीत. काम नसलं की वाटी मांडीवर घेऊन एकेक तुकडा अंगठ्यावर फिरवायचे आणि कोणी मोडलं ते सांगायचे. हा ठेकेदारानं मोडला, बिडाले लोखंड म्हने. हा माह्या साळ्यानं, दारू पिऊन. हा त्या सानगडीच्या मास्तरनं, म्हने मी सायन्स शिकवतो. प्रत्येक तुकड्याला एक मूर्ख होता. त्यांच्या स्वतःच्या नावाचा तुकडा वाटीत नव्हता.

अंगठा हे त्यांचं दुसरं वेड. उजव्या हाताचा, रुंद, चिरा पडलेला. बिटाच्या टोकावरून तो एकदा फिरवला की डोळे मिटून सांगायचे, कोणत्या वाटीतलं. लोक पैज लावायचे. दहा बिटं मिसळून हातात द्यायचे आणि ते दहाच्या दहा बरोबर लावायचे. चष्मा कधी घेतला नाही. कोणी म्हटलं, दाखवून या डोळे, की म्हणायचे, "डोये फसतात. हा फसत नाई."

माणसांशी ते नीट वागायचे नाहीत. गिऱ्हाइकानं धातूचं नाव चुकीचं सांगितलं की भांडं परत. अड्याळला एका लग्नात आम्ही दुकानाकडून गेलो होतो. मांडवात आंदणाची भांडी मांडलेली. मिस्त्री उठले आणि बोटाच्या पेरानं एकेक भांडं वाजवत गेले. एका डब्यापाशी थांबून मोठ्यानं म्हणाले, "हे स्टील नोहे. चुंबक लावून पाहा." नवरीच्या बापाचं तोंड पडलं, आई पदर तोंडात कोंबून आत गेली. परत येताना मी बसमध्ये विचारलं, "काहून बोलले तुमी? त्यायनं काय वाईट केलं होतं तुमचं?"

"मंग खोटं बोलू काय?"

"कोनी इचारलंच नोहतं."

"धातूचं मी खोटं बोलत नाई," ते म्हणाले. "माणसाचं एखाद्या वेळी बोलीन."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता, पण आत कुठेतरी बरंही वाटलं होतं. अशा माणसाच्या हाताखाली काम करतो म्हणजे आपलं काम खरं, असं वाटायचं.

दुकानाचा नियम एक होता. डब्याला हात फक्त मिस्त्रींचा. ते बिट काढणार, अंगठा फिरवणार, माझ्या हातात देणार. मी ते चकमध्ये, मशीनच्या जबड्यात, आवळणार आणि दांडा ओढणार. "बिट मी देईन, दाब तू दे." हे वाक्य दिवसातून दहादा. सुरुवातीला त्यांनी दिलेलं बिट मी उजेडाकडे धरून पाहायचे. एकदा त्यांनी ते पाहिलं आणि हातातून काढून घेतलं.

"काय पाह्यते व?"

"टोक पाहून राह्यली."

"माह्या अंगठ्यावर भरोसा नाई?"

त्या दिवशी त्यांनी मला काम दिलं नाही. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मग मी पाहणं सोडलं.

काम मात्र मला चांगलं येऊ लागलं होतं. हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही. दाब कसा द्यायचा ते शब्दांत येत नाही. धातू दांड्यातून हाताला कळवतो, आता थोडं, आता सोड. पलीकडे निघायच्या आधी हात आपोआप हलका पडतो. एकदा एका दुकानदारानं नाक मुरडून विचारलं, "बाई पाडते काय भोकं?" मी मशीनमागे होते. मिस्त्रींना वाटलं मोटरच्या आवाजात मला ऐकू येत नसेल. ते म्हणाले, "माह्याहून सरळ पाडते. हात हलका हाये तिचा." पुढे गल्लीतले लोक यायचे आणि म्हणायचे, बाईच्या हातून करून द्या. मिस्त्रींना ते आवडायचं की नाही, मला कधी कळलं नाही.

मग ते घंगाळ आलं.

सानगडीकडचा एक म्हातारा धानवाला शेतकरी होता. नातीचं लग्न होतं आणि तिला द्यायला त्यानं आपल्या आईचं घंगाळ काढलं होतं. जुनं पितळ, काठावर वेल कोरलेली, एका बाजूची कडी निघून गेलेली. ते त्यानं धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून आणलं होतं. उघडताना म्हणाला, "मिस्त्री, माय ह्याच्यात आंघोळ घाले आमाले. जपून करा."

मिस्त्रींना असं गिऱ्हाईक फार आवडायचं. ते बोलायला लागले. पितळ कसं ओळखावं, आताचं पितळ कसं पातळ, धार का मोडायची, सगळं. एका हातानं बोलत होते, दुसऱ्या हातानं डब्यातून बिट काढलं, त्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न पाहता दिलं. मी आवळलं. म्हातारा मशीनच्या पुढ्यात उभा राहिला, घंगाळाला एक हात लावून, जसं कोणी गाय दाखवायला आणल्यावर तिला हात लावून उभं राहतं.

बिट टेकलं तेव्हाच मला वेगळं वाटलं. पितळेचा कीस बारीक पडतो, कणीसारखा. इथे धारदार बिटाची निघते तशी लांब गुंडाळी निघायला लागली. मी थांबायला पाहिजे होतं. मला थांबता आलं असतं. पण म्हाताऱ्यापुढे मिस्त्रींनी दिलेलं बिट काढून पाहायचं, हे माझ्यानं झालं नाही. तेवढी चूक माझी, ती मी कोणावर टाकत नाही.

बिट आत धावलं. घंगाळ गरकन फिरलं, काठ माझ्या डाव्या तळहातावरून गेला, म्हातारा मागे कोसळला आणि बिट मोडलं. मिस्त्रींनी बटण बंद केलं. घंगाळाच्या काठाला चार बोटं लांब फाट पडली होती, वेलीच्या मधोमध. म्हाताऱ्याला लागलं नव्हतं. तो उठला आणि फाटीवर हात ठेवला.

मी पदरानं हात दाबून मिस्त्रींकडे पाहत होते. त्यांनी घंगाळात अडकलेला टोकाचा तुकडा काढला. त्यावर अंगठा फिरवला. एकदाच. मग तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "बाईनं दाब जास्त देल्ला. हात जड हाये तिचा."

मी म्हटलं, "मिस्त्री, बिट दाखवा."

"बिट बरोबर होतं."

"गुंडाळी निघून राह्यली होती. दाखवा मले."

ते वळले. मशीनमागे गेले, खिळ्यावरच्या माझ्या पाटल्या काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. "घाल," म्हणाले. "जा घरी."

तळहात सुजला होता. डाव्या हातात पाटली चढेना. मी दोन्ही उजव्या हातात घातल्या आणि गल्लीतून चालत गेले. दोन्ही बाजूंच्या दुकानांतून लोक पाहत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं की बाईनं सानगडीवाल्याचं घंगाळ फाडलं.

त्या गल्लीत मला पुन्हा कोणी मशीनजवळ उभं केलं नाही. मी तीन दुकानांत विचारलं. एकानं सांगितलं, "बाई, तुमचा हात जड हाये म्हनतात." मग मी विड्या वळायला बसले. नवरा दोन वर्षांनी गेला, पाटल्याही गेल्या. विड्यांवरच पोरगा वाढवला, त्याचं लग्न केलं. विड्या अजून वळते.

आता जे सांगते ते माझ्या बाजूचं आहे, पण खरं आहे. मलाच मी खात्रीनं सांगू शकत नव्हते. गुंडाळी मी पाहिली होती, पण क्षणभरच. बाकी मोटरचा आवाज, म्हातारा, रक्त. मिस्त्रींनी माझ्यासमोर अंगठा फिरवला होता आणि तो अंगठा कधी फसला नव्हता, हे मीच लोकांना सांगत आले होते. मग हळूहळू मला वाटायला लागलं की असेल, माझाच दाब जास्त गेला असेल. विडी वळताना तेंदूचा पत्ता फाटला, कोरडा पत्ता फाटतोच, तरी मी हाताकडे पाहायचे. सुनेच्या हातून ताट पडलं तर ताट पडतं. माझ्या हातून पडलं की मला वाटायचं, हात जड. नातवाला तेल लावतानासुद्धा मी बोटं उचलून उचलून लावली.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्रींच्या सुनेचा फोन आला. तिच्या सासूनं जायच्या आधी कधीतरी माझं नाव सांगितलं असावं. मुलगा दुकान मोबाइलवाल्याला देणार होता. भंगार सगळं गेलं, पण डबा बाबा सोडत नाहीत. बिटं बाजारात कोणी घेईल, पण कोणतं कशाचं ते घरात कोणाला कळत नाही, सगळी मिसळून गेली आहेत. "आजी, येऊन लावून देता काय?"

मी गेले. प्रेमानं गेले असं कोणी समजू नये. मला ती सातवी वाटी पाहायची होती.

मिस्त्री बाजेवर बसले होते. डोळे दोन्ही गेलेले, पांढरे. अंग सुकून काडी झालेलं, अंगठा तेवढा तसाच. डबा मांडीवर. सुनेनं सांगितलं, "बाबा, बिटं लावाले बाई आल्या हायेत." त्यांनी मान हलवली. माझा आवाज विड्यांच्या तंबाखूनं केव्हाच बसला आहे. त्यांनी ओळखला नाही आणि मी नाव सांगितलं नाही.

मी एकेक बिट त्यांच्या हातात देत गेले. खरं तर मला त्यांची गरज नव्हती, टोक पाहून मीच लावू शकत होते. पण देत गेले. ते अंगठा फिरवायचे आणि सांगायचे. लोखंड. जर्मन. स्टील, हे महागाचं, कोनाले फुकट देऊ नको. पितळ. पितळ. बीड. मी प्रत्येक बिट उजेडाकडे धरून पाहत होते. एकही चुकलं नाही.

मग सातवी वाटी. ठेकेदाराचा तुकडा. साळ्याचा. मास्तरचा. आणि एक, ज्याच्याबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. टोकाकडचा अर्धा भाग. मी तो आधी खिडकीशी नेला. धार तेज होती. दगड लागलेलाच नव्हता. मग त्यांच्या हातात ठेवला.

अंगठा फिरला आणि थांबला.

"हे कायचं?" मी विचारलं.

"लोखंडाचं," ते म्हणाले. "पितळेत गेलं होतं."

"कोनं घातलं?"

"एक बाई होती माह्याकडे. तिच्या हातून मोडलं." त्यांनी तुकडा पुन्हा अंगठ्याखाली घेतला. "मीच देल्लो होतो. बोलता बोलता देल्लो."

"तवाच समजलं होतं तुमाले?"

"हातात घेतलं का समजते."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"गिऱ्हाईक उभं होतं," ते म्हणाले. साध्या आवाजात, जसं कोणी सांगतं की पाऊस होता म्हणून आलो नाही.

"आन गिऱ्हाईक गेल्यावर?"

त्यांनी तुकडा या हातातून त्या हातात घेतला. सून चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"गिऱ्हाईक गेलं तवरी तिले बांगड्या देऊन टाकल्या होत्या."

मी तुकडा त्यांच्या हातातून घेतला आणि सातव्या वाटीत टाकला. सहा वाट्यांतली बिटं सहा कागदांत बांधली आणि कागदांवर माझ्या अक्षरात धातूंची नावं लिहिली. सुनेला सांगितलं, "हे इका. सातवी वाटी त्यायच्याजवळच राहू द्या." चहा घेतला नाही. तिनं विचारलं, आजी, बाबा कोणत्या बाईचं बोलत होते. मी म्हटलं, होती एक. मिस्त्रींनी मी कोण ते शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, ते मला सांगता येणार नाही, आणि मला त्याचं काही नाही.

बाहेर पडताना दुकानातून गेले. मशीन नव्हती. भिंतीत खिळा होता. मोबाइलवाला रंग देईल तेव्हा काढेल.

घरी येऊन विड्यांचं सूप पुढे घेतलं. पहिल्याच विडीला पत्ता फाटला. उचलून पाहिला. पत्ता कोरडा होता.